डाव आखण्याची विद्या

पवनेच्या काठी वसलेल्या पिंपळे गुरवात आज जी पिढी निवृत्तीचे दिवस घालवीत आहे, तिच्यातील पुष्कळांचे उमेदीचे आयुष्य, 1954 साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून आकुर्डी-भोसरीच्या यंत्रशाळांपर्यंत आणि पुढे चाकणच्या मोटारींच्या कारखान्यांपर्यंत पसरलेल्या उद्योगपट्ट्यात, पाळ्यांच्या भोंग्यावर गेले. घड्याळाशी इमान राखून राबलेल्या या माणसांच्या पदरी एके दिवशी एकाएकी मुबलक मोकळा वेळ येऊन पडतो, आणि त्या वेळाचा विनियोग कसा व्हावा, हा प्रश्न महानगरपालिका बाके मांडून, उद्याने राखून आणि विरंगुळा केंद्रे उभारून सोडवू पाहते. अशा केंद्रांत वर्तमानपत्रे असतात, कॅरम असतो आणि पत्तेही असतात. परंतु पत्त्यांना तेथे जी जागा मिळते ती मेहेरबानीची असते, मानाची नसते. मेंढीकोटाचा डाव मांडून बसलेल्या चार वृद्धांकडे येणारा-जाणारा काहीशा अनुकंपेने व काहीशा तुच्छतेने पाहतो, आणि त्या वृद्धांनाही आपण काही व्यर्थ उद्योग करीत आहो असेच मनातून वाटत असते. ही दृष्टी पालटावी, आणि ती पालटण्यासाठी ब्रिज हा खेळ या केंद्रांत व येथील शाळांत शिकविला जावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र तो आज सर्वत्र शिकवितात तसा बोलीपासून न शिकविता डावाच्या आखणीपासून शिकवावा, ही त्या मताची मुख्य अट आहे.

पत्त्यांविषयीचा आपल्या समाजाचा आकस अगदीच निराधार आहे असे कोणी म्हणणार नाही, कारण पत्त्यांवर पैसा लावला जातो आणि त्या पैशापायी संसार धुळीस मिळाल्याची उदाहरणे प्रत्येक आळीत सापडतात. पण पाने आणि पैसा या दोन भिन्न वस्तू आहेत, हा विवेक आपल्या कायद्याने फार पूर्वीच केलेला आहे. सन 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियमाच्या 13 व्या कलमाने निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्या कायद्याच्या अंमलातून वगळले. पुढे नोव्हेंबर 1967 मध्ये, सिकंदराबादच्या एका क्लबातील रमीच्या प्रकरणात, आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्याचा निकाल देताना न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी सर्वोच्च न्यायालयातर्फे असे नमूद केले की, रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असून त्यातील दैवाचा अंश ब्रिजमधील पाने वाटताना येणाऱ्या दैवाच्याच जातीचा आहे. रमीची योग्यता ठरविण्यासाठी न्यायालयाने ब्रिजलाच मापदंड धरले, ही गोष्ट ज्यांना पत्ते म्हणजे जुगार असे सरसकट वाटते त्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. शिवाय पत्ता ही वस्तू आमच्या मातीला परकी आहे असेही नाही. सावंतवाडीच्या कारागिरांनी रंगविलेल्या 120 पानांच्या दशावतारी गंजिफांकडे जो कौतुकाने पाहतो, त्याला बावन्न पानांच्या जोडाचे वावडे असण्याचे कारण नाही.

कायद्यामागोमाग क्रीडाक्षेत्रानेही या खेळाला मान्यता दिली. जकार्ता येथील 2018 च्या आशियाई क्रीडास्पर्धांत ब्रिजला प्रथमच स्थान मिळाले, आणि त्याच वर्षी प्रणव बर्धन व शिबनाथ सरकार या बंगाली जोडीने, एकाचे वय 60 व दुसऱ्याचे 56 असताना, पुरुषांच्या जोडीस्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. त्याच स्पर्धेत पुरुषांच्या व मिश्र अशा दोन्ही संघांनी कांस्यपदके मिळविली. मिश्र संघात मुंबईच्या हेमा देवरा होत्या आणि पुरुषांच्या संघात मुंबईचेच जग्गी शिवदासानी होते. पुढे हांगझोऊच्या स्पर्धेत पुरुषांचा संघ रौप्यपदकापर्यंत पोहोचला. ज्या वयात आपण माणसाला बाकावर बसवून त्याची बोळवण करतो त्या वयात ही माणसे देशाचे प्रतिनिधित्व करीत होती, ही गोष्ट निवृत्तांची दाट वस्ती असलेल्या आपल्या उपनगराने विशेष लक्षात ठेवावी.

असे असूनही जिमखान्यातील ब्रिज आणि येथील काटेपुरम चौकापलीकडच्या गृहसंकुलातील मेंढीकोट यांच्यात एक अदृश्य वेस उभी आहे. त्या वेशीचे एक कारण सामाजिक आहे: हा खेळ आपल्याकडे इंग्रज अंमलदारांच्या जिमखान्यांतून आला आणि बराच काळ जिमखान्यांतच राहिला. दुसरे कारण मात्र शिकविण्याच्या पद्धतीत आहे आणि ते दूर करणे आपल्या हाती आहे. नवशिक्याने ब्रिज शिकावयास बसावे, तर त्याच्यापुढे पहिल्याच दिवशी बोलीची सांकेतिक भाषा येते: किती गुण असता काय बोलावे, भिडूच्या कोणत्या बोलीला कोणते उत्तर द्यावे, कोणती बोली खरी समजावी आणि कोणती केवळ पृच्छा समजावी. या संकेतांच्या दफ्तरात तो असा गुरफटतो की, पान हाती घेऊन प्रत्यक्ष डाव खेळण्यातील आनंदाची चव लागण्यापूर्वीच तो उठून जातो.

वस्तुतः बोली हे साधन आहे आणि साध्य आहे करार. सन 1925 च्या अखेरीस पनामा कालव्यातून जाणाऱ्या ‘फिनलंड’ जहाजावर हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन धनिकाने आपल्या सोबत्यांबरोबर गुणांकनाची जी नवी पद्धत अजमावून पाहिली, तिच्यातून आजचा काँट्रॅक्ट ब्रिज रूढ झाला. आणि तिचे मर्म एवढेच की, जितके हात करण्याची कबुलायत खेळाडूने आधी लिहून दिल्यासारखी दिली असेल तितक्यांचेच श्रेय त्याला बाजी जिंकण्याकडे लागते, जादा हातांचे नव्हे. बोली संपताच ज्याच्यावर ही कबुलायत पुरी करण्याची जबाबदारी येते तो डिक्लेअरर. त्याच्या डाव्या बाजूचा प्रतिस्पर्धी पहिली उतारी करतो, त्याचा भिडू आपली तेरा पाने उघडी मांडून डमी होतो व त्यानंतर सल्ल्याचा एक शब्दही उच्चारीत नाही, आणि दोन्ही हातांची मिळून 26 पाने डिक्लेअरर एकटाच खेळतो. त्या घटकेस त्याला उतारीच्या पानासह 27 पाने ठाऊक असतात व 25 अज्ञात असतात. डमीचे पहिले पान खेळण्यापूर्वी या ठाऊक व अज्ञात पानांचा जो हिशेब मांडावयाचा, त्यालाच डावाची आखणी म्हणतात; आणि ती काय चीज आहे हे सांगण्यासाठी एक डावच पुढे मांडणे इष्ट.

डमी (उत्तर): इस्पिक 7, 4, बदाम 8, 6, 2, चौकट राजा, 9, 7, 5, 3, किल्वर एक्का, राणी, 5.

डिक्लेअरर (दक्षिण): इस्पिक एक्का, 8, 3, बदाम एक्का, राजा, 5, चौकट एक्का, गुलाम, 10, 4, किल्वर राजा, 7, 2.

करार बिनहुकुमी तीनचा, म्हणजे कोणताही रंग हुकूम न मानता सहांवर तीन असे नऊ हात करावयाचे आहेत. पश्चिमेने इस्पिकच्या छक्कीची उतारी केली आहे. आखणीचा पहिला टप्पा रोख शिलकेच्या मोजणीचा. इस्पिकचा एक, बदामाचे दोन, चौकटचे दोन आणि किल्वरचे तीन असे आठ हात वरच्या पानांवर पक्के आहेत. नववा हवा आहे, आणि तो चौकटमधूनच येणार हे उघड आहे, कारण त्या रंगाची नऊ पाने आपल्या दोन हातांत आहेत व प्रतिपक्षाकडे राणी, अठ्ठी, छक्की व दुर्री एवढी चारच उरली आहेत. येथवरचा हिशेब कोणीही करतो. दुसरा टप्पा खर्चाच्या बाजूचा असून नवशिक्या नेमका तोच विसरतो: नववा हात मिळेपर्यंत प्रतिपक्ष पाच हात वसूल करू शकेल काय, आणि शकेल तर कोठून? उत्तर स्पष्ट आहे, इस्पिकमधून. आपल्याकडे त्या रंगाची पाच पाने व एकच रोध आहे. त्यांच्याकडे आठ पाने आहेत.

आता उतारीचे पान काय सांगते ते पाहावे. लांब रंगातील वरून चौथे पान उतरण्याची प्रथा बहुतेक खेळाडू पाळतात, आणि ती पाळली गेली असेल तर अकरातून उतारीच्या पानाचा अंक वजा केला असता उरलेल्या तीन हातांत मिळून त्याहून मोठी पाने किती आहेत हे कळते. अकरा वजा सहा, पाच. त्यांपैकी डमीकडे सत्ती आणि आपल्याकडे अठ्ठी व एक्का मिळून तीन झाली, म्हणून पूर्वेकडे छक्कीहून मोठी दोनच पाने असली पाहिजेत. पूर्व राणी टाकतो. हात एक्क्याने घेण्याचा मोह अनिवार असतो, परंतु डिक्लेअरर तिर्री टाकून तो हात देऊन टाकतो. पूर्व दश्शी खेळतो तेव्हा अठ्ठी टाकून दुसराही देतो. आणि तिसऱ्या फेरीला, पूर्वेची पंजी आली असता, एक्का वापरतो. दोनदाच का, यालाही आडाखा आहे: सातातून दोन्ही हातांतील त्या रंगाची पाने वजा करावीत, उरतील तितक्या वेळा हात सोडावा. या दिरंगाईने साधले ते असे की, इस्पिक पाच-तीन वाटले गेले असल्यास पूर्वेकडे आता त्या रंगाचे एकही पान नाही, तर पश्चिमेकडे दोन पक्की पाने दबा धरून बसली आहेत. चार-चार वाटणी असती तर प्रत्येकाकडे एकेकच उरले असते, व तेवढा तोटा करार सोसू शकला असता.

यानंतर डावातील कळीचा प्रश्न येतो: चौकटची राणी कशी पकडावी? नऊ पाने आपल्याकडे असता फिनेस, म्हणजे राणी अमुक बाजूस आहे असे धरून तिच्याहून खालचे पान चालविणे, न करता एक्का व राजा वाजवावेत, राणी आपोआप पडण्याचा संभव किंचित अधिक, असे प्रत्येक पाठ्यपुस्तक सांगते. उरलेली चार पाने दोन-दोन वाटली जाण्याचा संभव शंभरात सुमारे 41 असतो आणि तीन-एक वाटणीत एकटी राणी सापडण्याचा थोडा संभव त्यात मिळवावा लागतो. हा नियम बरोबर आहे, तरी या डावात तो पाळणे चूक आहे. समजा पश्चिमेकडे राणीसह तीन पाने आहेत. एक्का-राजा वाजविल्यावर तिसऱ्या फेरीस पश्चिम राणीने हात घेतो, दबा धरलेली दोन इस्पिके वाजवितो, आणि आधीच्या दोनांसह पाच हात प्रतिपक्षाच्या पदरी पडून करार एका हाताने बुडतो. उलट डिक्लेअररने आपल्या हातून चौकटचा गुलाम खेळावा व पश्चिमेने लहान पान टाकल्यास डमीतूनही लहानच टाकावे. राणी पश्चिमेकडे असेल तर ती सापडली व अकरा हात झाले. पूर्वेकडे असेल तर पूर्व हात घेईल, पण परत खेळावयास त्याच्याकडे इस्पिकच नाही. तो जे पान खेळेल ते आपण घ्यावे, आणि चौकटचे चार हात मोजून एकूण दहा पुरे करावेत. आणि पहिल्याच फेरीला एक्का घाईने वापरला असता, तर पूर्वेकडची राणी निघताच इस्पिकचे चार हात त्यांनी ओढले असते व येथेही करार बुडाला असता.

या डावाचे रहस्य हे की, राणी कोठे आहे याचा शोध डिक्लेअररने लावलाच नाही. त्याने अज्ञाताचे भाकीत केले नाही. अज्ञात कोणत्याही बाजूस असले तरी आपले नुकसान होणार नाही अशी तजवीज केली. हात गमवावाच लागणार असेल तर तो कोणाच्या हाती गमावणे परवडते, हा प्रश्न त्याने स्वतःस विचारला, आणि जो प्रतिस्पर्धी निरुपद्रवी आहे त्याच्याकडे तो जाईल असा बंदोबस्त केला. यासाठी त्याने तीन हातांवर पाणी सोडण्याची तयारी आरंभीच ठेवली होती, आणि नेहमीचा एक मान्य नियमही, परिस्थिती वेगळी आहे हे ओळखून, बाजूस ठेवला होता. नियम ठाऊक असणे हे एक शहाणपण आणि तो कोठे लागू पडत नाही हे ओळखणे हे त्याच्या वरच्या पायरीचे शहाणपण. या दोन पायऱ्यांमधील अंतर इतक्या थोड्या वेळात व इतक्या अल्प खर्चात शिकविणारा दुसरा खेळ प्रस्तुत लेखकास माहीत नाही.

आपल्या उद्योगपट्ट्यातील कसबी कामगाराला ही शिस्त नवी वाटू नये. लेथवर जॉब लावण्यापूर्वी ड्रॉइंग नीट वाचावे, कोणता काट आधी घ्यावा आणि कोणता घेतल्यास पुढचा घेता येणार नाही याचा क्रम मनाशी मुक्रर करावा, कारण एकदा उडालेला धातू परत बसत नाही, हे ज्याने आयुष्यभर केले त्याला पहिल्या पानापूर्वी थांबण्याचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. पटवून द्यावे लागते ते त्याच्या नातवंडांना, ज्यांच्या परीक्षा चार पर्यायांतून एक चटकन् निवडण्याच्या आहेत आणि ज्यांच्या करमणुकीची साधने क्षणभरही न थांबण्यावरच चालतात.

येथे एक आक्षेप घेतला जाईल की, चांगली पाने आली तर कोणीही जिंकेल. मग कौशल्य कसले? त्याचे उत्तर स्पर्धेच्या रचनेत आहे. एका खेळाडूला येऊ शकणाऱ्या तेरा पानांचे निरनिराळे संच 635 अब्जांहून अधिक आहेत, तेव्हा दैवाला वाव आहे हे खरेच. पण डुप्लिकेट पद्धतीत एकदा वाटलेली पाने तशीच्या तशी बोर्डात घालून एका टेबलावरून दुसऱ्यावर पाठविली जातात, आणि वर मांडलेला डाव दहा टेबलांवर दहा डिक्लेअरर खेळतात. पाने सर्वांस सारखी, उतारीही बहुधा सारखी. मग दोघांनी दहा हात केले व तिसऱ्याचा करार बुडाला, तर दोष दैवाच्या माथी मारता येत नाही. स्वतःच्या निर्णयाची इतकी निःपक्षपाती तपासणी संसारात क्वचितच होते.

दुसरा आक्षेप असा की, हा श्रीमंतांचा व इंग्रजी जाणणाऱ्यांचा खेळ आहे. श्रीमंती लागते ती जिमखान्याच्या वर्गणीला. खेळास लागतो एक जोड, एक टेबल आणि चार खुर्च्या. मेंढीकोटात चार जण समोरासमोर भिडू होऊन बसतात, रंगास रंग देतात, हुकूम मारतात, आणि दश्श्या पकडण्यासाठी कोणती पाने गेली व कोणती उरली याची मोजदाद ठेवतात. म्हणजे ब्रिजच्या अर्ध्या वाटेवर आमची माणसे पूर्वीच येऊन पोहोचली आहेत. उरलेली वाट अवघड होते ती बोलीमुळे, आणि तिलाही तोड आहे. शाळकरी मुलांसाठी युरोपात रुजलेल्या मिनीब्रिज या प्रकारात बोली नसतेच. एक्क्यास चार, राजास तीन, राणीस दोन व गुलामास एक या दराने प्रत्येकाने आपले गुण उघड सांगावयाचे. एकंदर चाळीसांपैकी ज्या जोडीकडे अधिक, तिचा डाव, आणि त्या जोडीत ज्याच्याकडे अधिक तो डिक्लेअरर. भिडूची पाने आधीच उघडी होतात, ती पाहून त्याने आपला करार ठरवावयाचा, आणि मग उतारी. येथे पहिल्या तासापासूनच विद्यार्थी हात मोजू लागतो. बोली पुढे, ज्याला हौस असेल त्याने, सावकाश शिकावी.

तिसरा आक्षेप आक्षेप नसून अतिउत्साह आहे, आणि त्यापासूनही सावध राहिले पाहिजे. ब्रिज खेळल्याने म्हातारपणचे विस्मरण टळते, मुलांचे गणित सुधारते, असे दावे खेळाचे प्रेमी करीत असतात; ते येथे करावयाचे नाहीत. औषध म्हणून एखादी गोष्ट माथी मारली की तिच्यातील रस जातो. विचार करण्यात स्वतःचाच एक आनंद आहे, आणि तो आनंद कष्टकरी वस्तीच्या आवाक्यात आणून देणे हे सार्वजनिक संस्थेचे कर्तव्य आहे, एवढा दावा पुरेसा आहे.

म्हणून सूचना साधी आहे. पिंपळे गुरव, सांगवी व आसपासच्या विरंगुळा केंद्रांत आठवड्यातील एक संध्याकाळ मिनीब्रिजसाठी राखून ठेवावी. पैसा लावणे निषिद्ध, हा नियम भिंतीवर ठळक अक्षरांत लिहावा आणि तो मोडणाऱ्यास त्या टेबलावरून उठवावे. महापालिकेच्या शाळांतील आठवीच्या मुलामुलींना त्याच संध्याकाळी तेथे येण्याची मुभा असावी, म्हणजे आजोबा व नात यांची जोडी एका बाजूस बसेल, आणि डमी झालेल्या आजोबांना नातीचा डाव चालू असताना मुकाट बसण्याचा दुर्मीळ अभ्यास घडेल. शिकविण्यासाठी महाराष्ट्र ब्रिज असोसिएशनने व पुण्यातील जिमखान्यांच्या खेळाडूंनी नदी ओलांडून इकडे यावे. आपल्या खेळाकडे तरुण वळत नाहीत अशी हळहळ ज्यांना वाटत असेल, त्यांनी आधी खेळाचे दार उघडले पाहिजे.

या उपक्रमाचे मूल्यमापन पदकांनी किंवा उद्घाटनाच्या छायाचित्रांनी करू नये. उतारी पडल्यानंतर आणि डमीच्या पानास हात घालण्यापूर्वी, किती जण आपले पक्के हात मोजू लागले, किती जण धोका कोणत्या बाजूने आहे असे स्वतःस विचारू लागले, आणि हरलेला डाव पुन्हा मांडून आपली आखणी कोठे फसली हे भिडूस दोष न देता पाहू लागले, एवढेच वर्षाअखेरीस तपासावे. तेवढा पालट दिसला नाही, तर ते टेबल खुशाल कॅरमवाल्यांच्या हवाली करावे.